मधल्या पानाचा हिशेब

शब्दकोशांत शब्द पाहणें ही गोष्ट इतकी नेहमींची आहे कीं, ती नेमकी कशी केली जाते याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. 'निकष' हा शब्द पाहावयाचा असला, तर कोणताहि शहाणा वाचक पहिल्या पानापासून एकेक पान उलटीत बसत नाहीं. तो कोश अदमासानें मध्यावर उघडतो. 'प'चीं पानें निघालीं, तर शब्द अलीकडे आहे हें त्याला कळतें, आणि उजवीकडचा निम्मा कोश त्याच्यापुरता संपतो. मग डावीकडच्या भागाचा मध्य. तेथें 'क' लागला, तर शब्द आतां पलीकडे. याप्रमाणें दोन बोटांमधील जाडी दर खेपेस निम्म्यानें कमी होत जाते आणि अखेर शब्द हातीं लागतो. हजार पानांच्या कोशांत असें निम्मेंनिम्में फार तर दहा वेळां करावें लागतें. दहा लाख पानें असलीं तर वीस वेळां, आणि शंभर कोटी पानांना तीस वेळां. कोश हजारपटीनें वाढला, तरी श्रम दहा खेपांनींच वाढतात. इतकी ही युक्ति गुणाची आहे.

संगणकाच्या जन्माबरोबरच ती त्याच्या वांट्यास आली. क्रमवार लावलेल्या यादींत कांहींहि शोधावयाचें झालें, मग तें टेलिफोनच्या यादींतील नांव असो कीं बँकेच्या खात्याचा क्रमांक असो, संगणकाला हीच रीत सोयीची पडते. इंग्रजींत तिला 'बायनरी सर्च' म्हणतात. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं, पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्यें, १९४६ च्या उन्हाळ्यांत संगणकावर एक व्याख्यानमाला झाली. एनिॲक या सुप्रसिद्ध यंत्राचे एक जनक जॉन मॉक्ली यांनीं तींत या पद्धतीचें विवेचन केलें. छापील वाङ्मयांतील हा तिचा पहिला उल्लेख, असें डोनाल्ड कनूथ यांनीं आपल्या बृहद्ग्रंथाच्या १९७३ सालच्या तिसऱ्या खंडांत म्हटलें आहे. त्याच ठिकाणीं त्यांनीं आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, आणि ती वाचून वाचक थबकल्यावांचून राहत नाहीं. यादींतील नोंदींची संख्या कितीहि असो, ती सर्व बाबतींत बरोबर चालेल अशी या पद्धतीची मांडणी छापून येण्यास त्यानंतर सुमारें पंधरा वर्षें लागलीं!

इतक्या सोप्या गोष्टीला इतका काळ कां लागावा? याचें कारण असें कीं, माणूस डोळ्यानें व बोटानें जें सहज करतो, तें यंत्राला शब्दाशब्दानें सांगावें लागतें. डावें टोक कोणतें, उजवें कोणतें. दोनच पानें उरलीं तर मधलें पान कोणतें म्हणावयाचें. एकदां पाहिलेलें पान पुन्हां हिशेबांत धरावयाचें कीं सोडावयाचें. शब्द कोशांत मुळींच नसेल तर थांबावयाचें कोठें? यांपैकीं एका प्रश्नाचें उत्तर चुकलें कीं यंत्र एकाच पानावर अनंत काळ घुटमळत राहतें, किंवा अगदीं शेवटच्या पानावरचा शब्द 'नाहीं' म्हणून सांगतें. नोंदी ३, ७, १५, ३१ अशा असल्या तर दर खेपेस बरोबर मधोमध एक नोंद येते व दोन्हीं बाजूंना सारख्या नोंदी उरतात; तेवढें सर्वांना साधलें होतें. इतर संख्यांशीं प्रसंग आला कीं अडचण उभी राही.

पुढें ही अडचण सुटली, परंतु ती प्रत्येक लिहिणाऱ्याला स्वतःच्या हातानें पुन्हां सोडवावी लागते. जॉन बेंटली हे बेल प्रयोगशाळेंतील नामांकित प्रोग्रॅमर व लेखक. १९८६ सालीं निघालेल्या आपल्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या पुस्तकांत त्यांनीं एका प्रयोगाची हकीकत दिली आहे. या धंद्यांत मुरलेल्या लोकांच्या वर्गांत ते ही पद्धति समजावून सांगत आणि तिचा प्रोग्रॅम लिहिण्यास दोनएक तासांचा अवधि देत. मग ज्याचें त्यानें आपलें लेखन तपासावयाचें. शंभराहून अधिक लोकांवर हा प्रयोग झाला. दहांपैकीं नऊ जणांना स्वतःच्याच लेखनांत चुका सांपडल्या. आणि उरलेल्या दहाव्याचें लेखन बरोबर असल्याची खात्री बेंटलींना प्रत्येक वेळीं वाटलीच असें नाहीं.

हे लोक अडाणी होते असें कोणीं समजूं नये. केंब्रिज येथील एडसॅक यंत्राचे शिल्पकार मॉरिस विल्क्स यांची गोष्ट याच जातीची आहे. एडसॅक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें. थोड्याच दिवसांत विल्क्स यांनीं त्यावर एका अवघड समीकरणाचें गणित करण्यासाठीं १२६ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्यांत वीसएक चुका निघाल्या. यंत्राची खोली व फिती छिद्रित करण्याची खोली यांमधील जिना चढतां उतरतां एका वळणावर त्यांना एकदम जाणवलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच चुका हुडकण्यांत जाणार आहे. आपल्या आठवणींत त्यांनीं हें मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. संगणकाच्या चुकांची गोष्ट निघाली म्हणजे लोक हटकून त्या पतंगाची कथा सांगतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क दोन यंत्राच्या एका रिलेंत एक पतंग अडकलेला सांपडला व तो यंत्राच्या रोजवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. कथा खरी आहे आणि मजेची आहे. पण तिनें एक गैरसमज पसरविला. पतंग बाहेरून येतो व काढून टाकला कीं काम झालें. विल्क्स यांना जिन्यावर जें उमगलें तें याहून निराळें होतें. चूक बाहेरून येत नाहीं; ती लिहिणाऱ्याच्या विचारांतच असते आणि म्हणून त्याला दिसत नाहीं.

बेंटली यांना हें पुरतें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं आपल्या पुस्तकांत या पद्धतीचा प्रोग्रॅम नुसता छापला नाहीं, तर भूमितींतील सिद्धांताप्रमाणें त्याची सिद्धता दिली. प्रत्येक खेपेस शब्द दोन टोकांच्या दरम्यानच आहे. प्रत्येक खेपेस दरम्यानचें अंतर कमी होतेंच. म्हणून प्रोग्रॅम थांबतो आणि बरोबर उत्तर देऊन थांबतो. सिद्धता वाचणाऱ्याला कोठें बोट ठेवण्यास जागा दिसत नाहीं.

बेंटली हे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत शिकवीत होते तेव्हां जोशुआ ब्लॉक नांवाचा एक विद्यार्थी त्यांच्या वर्गांत होता. पहिल्याच तासाला बेंटलींनीं नव्या विद्यार्थ्यांना हा प्रोग्रॅम लिहिण्यास सांगितलें आणि त्यांतील एकाचें लेखन सर्वांसमक्ष उलगडून दाखविलें. तें चुकीचें होतें. बहुतेकांचें चुकीचें होतें. हा धडा ब्लॉक यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. पुढें जावा या भाषेबरोबर सर्वांना आयता मिळणारा 'बायनरी सर्च' लिहिण्याचें काम त्यांच्याकडे आलें, तेव्हां त्यांनीं गुरूच्या पुस्तकांतील सिद्ध केलेली मांडणीच पुढें ठेविली. जगभरच्या असंख्य प्रोग्रॅमांत ती बसली, आणि नऊएक वर्षें तिच्याविषयीं कोणाची तक्रार नव्हती. मग कोणाचा तरी प्रोग्रॅम तिच्यामुळें कोसळला आणि ती तक्रार जावाच्या कर्त्या कंपनीकडे आली. २००६ च्या जून महिन्यांत ब्लॉक यांनीं जाहीर केलें कीं, आपला प्रोग्रॅम चुकीचा आहे. गुरूच्या पुस्तकांतील मांडणींतहि तीच चूक आहे. आणि जगांतील जवळजवळ सर्वच 'बायनरी सर्च' तसेच असावेत.

चूक होती मध्य काढण्याच्या ओळींत. दोन संख्यांचा मध्य काढावयाचा म्हणजे त्यांची बेरीज करावयाची व तिचें निम्में घ्यावयाचें, हें प्राथमिक शाळेंतील मुलालाहि येतें. ६०० व ८०० यांची बेरीज १४००, निम्में ७००. यांत चुकण्यासारखें काय आहे? कागदावर कांहींच नाहीं. यंत्रांत मात्र आहे.

मोटारीच्या अंतरमापकासारखें एक मोजणीचें साधन डोळ्यांपुढें आणावें. त्याला तीनच घरें आहेत. ९९९ नंतर आणखी एक मोजलें कीं तें ००० दाखवितें, कारण हजाराचा अंक ठेवण्यास चौथें घरच नाहीं. आतां असें साधन घेऊन ९९९ पानांच्या कोशांत शब्द शोधावयाचा आहे. डावें बोट ६०० व्या पानावर आहे, उजवें ८०० व्या. बेरीज १४००; पण हजाराचा अंक गळून पडतो आणि साधन ४०० दाखवितें. निम्में २००. म्हणजे ६०० आणि ८०० यांचा मध्य म्हणून यंत्र २०० वें पान उघडून बसतें! यांतली खुबी अशी कीं, दोन्हीं पानांचे क्रमांक साधनांत मावतात, त्यांचा मध्यहि मावतो. मावत नाहीं ती फक्त क्षणभर वाटेंत केलेली बेरीज. आणि कोश पांचशें पानांहून लहान असला, तर कोणत्याहि दोन पानांची बेरीज ९९९ च्या आंतच राहते. अशा कोशांत हें यंत्र जन्मभर चालविलें तरी चूक एकदांहि दिसणार नाहीं. कोश मोठा असूनहि शब्द त्याच्या पहिल्या निम्म्या भागांत असला, तरी ती दिसणार नाहीं.

जावाच्या यंत्रणेंत असल्या मोजणीस बत्तीस घरें असतात आणि प्रत्येक घरांत शून्य किंवा एक एवढेंच मावतें. एक घर अधिक-उण्याची खूण करण्यांत जातें. उरलेल्या एकतीस घरांत जास्तींत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ही संख्या बसते. तिच्यावर आणखी एक मिळविला कीं अधिक-उण्याचें घर पालटतें आणि संख्या एकदम तितकीच मोठी, पण उणे होते. तिचें निम्मेंहि उणेच. मग यंत्र कोशाचें उणे अमुक कोटीवें पान मागूं लागतें, तसलें पान नसल्यामुळें जावाचा प्रोग्रॅम तेथेंच थांबतो. कांहीं भाषांत तर तो थांबतहि नाहीं. स्मृतींतील भलत्याच ठिकाणचा मजकूर वाचून पुढें चालूं लागतो, आणि हें अधिक वाईट. यादींत सुमारें १०७ कोटींहून अधिक नोंदी असल्या तरच हा प्रसंग येतो. बेंटलींनीं पुस्तक लिहिलें तेव्हां एवढी यादी एका यंत्राच्या स्मृतींत ठेवणें कोणाच्या कल्पनेंतहि नव्हतें. पुढें यंत्रांची स्मृति वाढत गेली, याद्या वाढत गेल्या, आणि अक्षरहि न बदललेला प्रोग्रॅम एके दिवशीं चुकीचा ठरला.

उपाय एका ओळीचा आहे. बेरीज करूंच नये. ८०० मधून ६०० वजा करावे, २०० उरतात; त्यांचें निम्में १०० हें ६०० मध्यें मिळवावें, म्हणजे ७०० होतात. उत्तर तेंच, पण वाटेंतील कोणतीहि संख्या उजव्या टोकापेक्षां मोठी होत नाहीं. जावांत ही चूक पुढें दुरुस्त झाली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कोश हातीं घेतलेला वाचक पानांच्या क्रमांकांची बेरीज कधींच करीत नाहीं. तो दोन बोटांमधील जाडी पाहतो आणि ती अदमासानें दुभागतो, म्हणजे वजाबाकीच करतो. नेमकी दुरुस्त झालेली रीत तीच! हातानें जें बरोबर चाललें होतें, तें बीजगणिताच्या सुटसुटीत सूत्रांत घालतांना बिघडलें. सूत्र शाळेंत पाठ झालेलें, दिसण्यास आटोपशीर, आणि पिढ्यान्‌पिढ्या बरोबर ठरलेलें. म्हणून त्याच्याकडे कोणी संशयानें पाहिलें नाहीं. ज्या ओळी अवघड होत्या, त्यांवर सर्वांनीं डोळ्यांत तेल घालून पहारा केला. चोर शिरला तो उघड्या महाद्वारांतून.

मग बेंटलींच्या सिद्धतेचें काय झालें? ती खोटी होती काय? ती खोटी नव्हती. ती ज्या संख्यांविषयीं होती त्या गणिताच्या संख्या होत्या, आणि त्यांना अंत नसतो. त्यांत कोणत्याहि दोहोंची बेरीज ही पुन्हां एक संख्याच असते. यंत्रांतील संख्यांना मात्र घरें मोजून दिलेलीं असतात. दोहोंना 'संख्या' हें एकच नांव असल्यामुळें, सिद्धता एकीची झाली आणि भरंवसा दुसरीवर ठेवला गेला, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. कनूथ यांनीं १९७७ सालीं एका सहकाऱ्यास पाठविलेल्या टिपणाच्या शेवटीं अशाच अर्थाचा इशारा दिला होता: वरील प्रोग्रॅमपासून सावध असावें, कारण तो बरोबर असल्याचें आपण सिद्ध केलें आहे, चालवून पाहिलेला नाहीं. लोक तें वाक्य विनोद म्हणून सांगतात. ब्लॉक यांच्या अनुभवानंतर तें तितकें विनोदी राहत नाहीं. पण नुसतें चालवून पाहण्यानेंहि येथें निभावलें नसतें; नऊ वर्षें जगानें तो चालवूनच पाहिला होता. ब्लॉक यांचें म्हणणें असें पडलें कीं, सिद्धता, चाचणी, दुसऱ्याच्या नजरेखालून लेखन जाणें, हें सर्वच हवें, आणि यांपैकीं कशावरहि एकट्यावर विसंबतां येणार नाहीं.

यादी शोधण्यांतील चुकीनें फार तर एखादा प्रोग्रॅम बंद पडतो, असें कोणी म्हणेल. तीच चूक इतर ठिकाणीं काय करूं शकते याचें उदाहरण त्या शोधाच्या दहा वर्षें अगोदरच घडून गेलें होतें. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कूरू येथून युरोपचा 'एरियान ५' हा अग्निबाण पहिल्या उड्डाणास निघाला. त्याची दिशा राखणाऱ्या यंत्रणेंतील एक प्रोग्रॅम आधींच्या 'एरियान ४' मधून जसाच्या तसा घेतलेला होता. आडव्या वेगाशीं संबंधित एक संख्या तो सोळा घरांत बसवीत असे. तेथें मर्यादा ३२,७६७ ची. जुन्या अग्निबाणाचा मार्ग असा होता कीं, ती संख्या या मर्यादेपर्यंत कधीं पोंचलीच नाहीं. नव्याचा आडवा वेग अधिक झपाट्यानें वाढला. संख्या मावेनाशी झाली, यंत्रणा बंद पडली. तिच्या जोडीची राखीव यंत्रणा तोच प्रोग्रॅम चालवीत असल्यामुळें तीहि त्याच कारणानें बंद पडली. उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांत अग्निबाण आकाशांत फुटला आणि त्याबरोबर चार वैज्ञानिक उपग्रह गेले. चौकशीमंडळाच्या अहवालांतील एक तपशील फार बोचणारा आहे. ज्या गणितानें हा घात केला, त्याचा नव्या अग्निबाणाला जमीन सोडल्यानंतर कांहींएक उपयोग नव्हता. जुन्यांत तें चालू राहत असे, म्हणून नव्यांतहि चालू ठेवलें होतें.

२०१५ सालीं अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानें बोइंग ७८७ विमानांविषयीं काढलेला आदेश त्या मानानें सुखद म्हटला पाहिजे, कारण येथें चूक प्रयोगशाळेंतील चाचणींत सांपडली. विमानांतील वीज-जनित्रांचें नियंत्रण करणारा प्रोग्रॅम अखंड २४८ दिवस चालू राहिल्यास त्यांतील एक मोजणी कांठोकांठ भरते, आणि चारहि जनित्रांचे नियंत्रक एकाच वेळीं काम सोडूं शकतात. दुरुस्ती होईपर्यंतचा उपाय घरगुती स्वरूपाचा होता: ठराविक मुदतींत एकदां वीज बंद करून पुन्हां चालू करावी. २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ या संख्येला सेकंदाचे शतांश मानून त्यांचे दिवस केले, तर २४८ दिवसांहून थोडे अधिक भरतात. कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब कोणासहि करून पाहतां येईल.

याच संख्येची आणखी एक तारीख ठरलेली आहे. पुष्कळ संगणक काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, आणि सेकंदांत. जुन्या यंत्रणांत या सेकंदांसाठीं बत्तीसच घरें राखलेलीं आहेत. अलीकडच्या बहुतेक यंत्रणांनीं चौसष्ट घरें केलीं, आणि तीं भरण्यास जवळजवळ २९,२०० कोटी वर्षें लागतील. त्यांची चिंता नाहीं. पण कारखान्यांतील नियंत्रक, मीटर आणि एकदां भिंतींत बसविल्यावर कोणीं पुन्हां उघडून न पाहिलेल्या पेट्या यांत जुनी मोजणी अद्याप चालू आहे. तिचें शेवटचें घर भरेल तेव्हां मंगळवार, १९ जानेवारी २०३८ चा दिवस असेल, आणि हिंदुस्थानांतील घड्याळांत सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटें व ७ सेकंद झालेले असतील. त्यापुढच्या सेकंदाला त्या पेट्यांच्या हिशेबीं १९०१ साल उजाडेल.